भागीकाकीचं चूलबंद आवतण

सामाजिक परिवर्तनाच्या वाटचालीत संवादमाध्यमांचं स्थान अनन्यसाधारण आहे. आमच्या संस्थेच्या पहिल्या ई-वार्तापत्राची सुरुवात या वाक्याने झाली आणि ते वाक्य मी लिहिलं होतं. वार्तापत्र एकशे बारा जणांना गेलं. सहा जणांनी ते उघडलं. सहाही जण आमचे विश्वस्त होते आणि त्यातल्या दोघांनी ते आपल्याकडून चुकून उघडलं गेल्याचं नंतर कळवलं.

दुसऱ्या वार्तापत्रापासून माझी वाक्यं भागीकाकीच्या हाताखालून जाऊ लागली. 'अनन्यसाधारण' म्हणजे काय, असं तिने मला फोनवर विचारलं. फार महत्त्वाचं, असं मी सांगितलं.

"मग तसं लिवा ना," ती म्हणाली. "इतके शिकलात मास्तर, कोणी अडवलंय तुमाला?"

चाळीस वर्षं मी शहापुरात मराठी शिकवलं. एवढं मुद्द्याचं कुणी मला सांगितलं नव्हतं.

भागीरथी विशे सापगावची. संस्थेच्या कागदांत तिचा हुद्दा 'स्वयंपाकीण' होता आणि तो शेवटपर्यंत तोच राहिला. ठेंगणी, काटक, गुडघ्याखाली जेमतेम उतरणारं लुगडं, आणि कनवटीला दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. शिक्षण चौथी. तिला सगळे काकी म्हणायचे; आमचे अध्यक्षसुद्धा, जे तिच्याहून दोन वर्षांनी मोठे होते. ती जाऊन आता दोन पावसाळे झाले.

संस्थेचं काम तसं साधं होतं. भातकापणी उरकली की इकडच्या पाड्यांवरची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलं बरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव राहतं, पोर भट्टीवर असतं. अशा मुलांना त्या सहा-सात महिन्यांसाठी ठेवून घ्यायला मुरबाडच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत आम्ही घर चालवायचो. त्याचं नाव शेजारघर. काकी तिथे रांधायची, निजायची आणि राज्य करायची. कचेरी मात्र शहापूरच्या बाजारात, खताच्या दुकानावर. विश्वस्तांच्या बैठका तिथे फार लांबत नसत, त्याचं श्रेय मी खताला देतो.

मी सांगतोय त्या वर्षी, शेजारघराला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने एक अट घातली. येत्या दिवाळीनंतर घरात पंचवीस मुलं नसली तर घर बंद करायचं. तेव्हा, संक्रांतीला, यादीत नऊ नावं होती. पाड्यापाड्यांतून फिरणारा आमचा जुना कार्यकर्ता नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी दुसरा माणूस नेमावा की समाजमाध्यमं सांभाळणारं कुणी, यावर बैठक झाली. अध्यक्ष ठाण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांना काळाबरोबर जायची फार हौस. आपण लोकांपर्यंत पोचत नाही हेच आपलं मूळ दुखणं आहे, असं त्यांनी निदान केलं, आणि कल्याणची तन्वी नेमली गेली. हुशार पोरगी. आठवड्यातून चार दिवस आसनगावला उतरून यायची आणि पोचायचं म्हणजे काय ते आम्हाला आलेख काढून दाखवायची.

काकीला आलेख कळत नव्हते, पण नऊ म्हणजे किती ते कळत होतं. "मंगलला पंधरापर्यंत पाढे येतात," ती मला त्या नवांतल्या एका पोरीबद्दल म्हणाली होती. "भट्टीवर गेली का ल्हान्या भावाला मांडीवर घेऊन बसल. जातील सगळे पाढे." घर बंद झालं तर काय होईल, याबद्दल ती एवढंच बोलली. नंतर लगेच तिने मला वाल सोलायला बसवलं.

आता ती संपादक कशी झाली ते सांगायला हवं, कारण तिला कुणी नेमलं नव्हतं. संस्थेचं फेसबुकचं पान, वार्तापत्राची यादी, बाकीची खाती हे सगळं तन्वीने पहिल्याच आठवड्यात शेजारघरात बसून उघडलं. प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबर मागत होते. त्या गिरणीत रेंज एकाच मोबाइलला यायची, काकीच्या. म्हणून नंबर काकीचा दिला गेला. पुढे तन्वी शहापूरच्या कचेरीतून आत शिरायला गेली की सहा आकड्यांचा ओटीपी मुरबाड रस्त्यावर काकीच्या कनवटीला जाऊन पडायचा.

तन्वी फोन करायची. काकी, ओटीपी आला का? आला. मग सांगा ना.

"आदी काय लिवलंस ते वाच," काकी म्हणायची.

तन्वीला वाटलं, संस्थेचा नियम असेल. अध्यक्षांना वाटलं, तन्वीने घातलेली शिस्त असेल. नंबर बदलून घ्यायचं त्यांना सुचलं तेव्हा कळलं की तो बदलायलाही ओटीपी लागतो. अशा रीतीने आमच्या संस्थेचं संपादकीय धोरण ठरलं. काकीच्या श्रद्धांजलीची पोस्टदेखील तीन दिवस अडकली होती, कारण ओटीपी तिच्याच मोबाइलवर गेला होता आणि चार्जर सापडत नव्हता.

तन्वीने एकदा लिहिलं, 'प्रत्येक मुलाला स्वप्न पाहण्याचा अधिकार आहे.' काकीने फोनवर ऐकून घेतलं.

"सपनं काय गो, फुकट पडतात. पोटभर जेवली का पडतात. आज जेवाला काय होतं ते लिव."

त्या दिवशीची पोस्ट अशी गेली: 'आज मुलांनी भाकरी आणि वालाची उसळ खाल्ली. तिघांनी वाल वेचून ताटाच्या कडेला ठेवले. काकीने पाहिलं आहे.' या पोस्टखाली, आमच्या इतिहासात पहिल्यांदाच, आमच्या ओळखीची नसलेली माणसं बोलायला लागली. मुलुंडच्या एका बाईंनी वाल कडू लागू नयेत म्हणून काय करावं ते सविस्तर लिहिलं. काकीने ते तन्वीकडून वाचून घेतलं आणि उत्तर सांगितलं की आमचे वाल कडू नव्हते, पोरं लबाड आहेत.

फोटोंच्या बाबतीत अध्यक्षांचं म्हणणं वेगळं होतं. कंपनीच्या मॅडमनी सुचवलं होतं की चित्रांतून गरज दिसली पाहिजे. म्हणून एक छायाचित्रकार आला. मुलं भिंतीशी उभी केली, आणि एका पोरीला त्याने हसू नकोस म्हणून सांगितलं. काकी स्वयंपाकघरातून आली, पोरांना आत घेऊन गेली आणि पाऊण तासाने बाहेर घेऊन आली. सगळ्यांच्या डोक्याला तेल, मुलींच्या वेण्या घट्ट वळलेल्या, पोरांचे शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेले.

"दुसऱ्याच्या दारात पोर न्यावाची ती अशी," ती छायाचित्रकाराला म्हणाली. "आता हसवा."

तेलाने ती सगळी डोकी इतकी चकाकत होती की फोटोत मागची भिंत उजळून निघाली. मॅडमनी कळवलं की मुलं गरजू वाटत नाहीत. काकीने तो निरोप कौतुक म्हणून घेतला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगितला.

पण तिचं खरं शिक्षण चौथीचं नव्हे, आवतणाचं. ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात लग्न असो, बारसं असो, उत्तरकार्य असो, घरोघर जेवायचं सांगायला जाणारी बाई म्हणजे भागीकाकी. छापील पत्रिका आल्या, पुढे मोबाइलवर पत्रिका आल्या; पण त्या पाहायच्या. जेवायला जायचं ते आवतण आलं तर. त्याचे नियम होते. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घ्यायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, दिवस सांगायचा आणि 'येतो' हा शब्द घेतल्याशिवाय पाऊल मागे घ्यायचं नाही. सुरुवात शेजारच्या घरापासून करायची, लांबचे शेवटी. आणि सगळं आदल्या दिवसापर्यंत उरकायचं. भात शिजल्यावर सांगितलं तर ते आवतण नव्हे, उरलेलं वाटणं झालं. त्यावरून भावकीत तीन-तीन पिढ्यांचं बोलणं तुटलेलं तिने पाहिलं होतं.

आवतण दोन तऱ्हेचं असायचं. एक माणशी, म्हणजे घरातून एकाने यायचं; दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. 'येतो' म्हटलं की काकी पदराच्या गाठीत एक चिंचोका टाकायची, चूलबंदाला घरातल्या माणसांइतके. घरी आली की चिंचोके मोजायचे आणि त्यावरून भाताचं माप ठरायचं. तीस वर्षांत कधी भात उरला नाही, कमीही पडला नाही, असं ती सांगायची. सापगावचे लोक दोन प्रसंग सांगतात, पण तिच्यासमोर नाही.

हेच शिक्षण घेऊन ती वार्तापत्राच्या यादीकडे पाहायची. यादीतून नाव काढून घ्यायची सोय असते, तशी आमच्याकडेही होती. एका महिन्यात दोन जणांनी नावं काढली. त्या महिन्याची बैठक शेजारघरात होती, तन्वीने तिथे ते सांगितलं. हे स्वाभाविक आहे, अध्यक्ष म्हणाले. दोन टक्क्यांच्या आतच आहे.

काकी चहा घेऊन आली होती. "दोन घरं तुटली," ती म्हणाली, "आणि तुमी टक्का सांगता?"

तिने दोन्ही नंबर घेतले आणि फोन लावले. एक बाई परदेशी गेल्या होत्या. दुसरे डोंबिवलीचे साठे, निवृत्त इंजिनियर. काकीने त्यांना विचारलं, आमचं काय चुकलं. या पलीकडे ती काही बोलली नाही. साठे चाळीस मिनिटं बोलले. पहिल्या पाच मिनिटांत 'तुमच्यामुळे एक मूल हसले' या मथळ्याचं पत्र आठवड्यातून तीनदा येतं अशी तक्रार झाली. उरलेली पस्तीस मिनिटं त्यांना झोप येत नाही, बायको गेल्यापासून येत नाही, आणि मुलगा म्हणतो चालायला जा, याबद्दल. काकीने सगळं ऐकलं आणि रविवारी जेवायला या म्हणून सांगितलं. मथळ्याबद्दल समोरासमोर बोलू, असं ठणकावून साठे आले. जेवले. गिरणीच्या छपराकडे पाहून हे कुणी बसवलंय म्हणून चिडले. त्यानंतर दर शुक्रवारी ते पाने आणि पक्कड घेऊन यायला लागले. यादीत त्यांचं नाव मात्र परत घातलेलं त्यांना चाललं नाही.

दिवाळी आली. यादीत चौदा नावं झाली होती. आमच्या पानाला मात्र चांगले दिवस आले होते, हे तन्वीच्या आलेखात दिसत होतं. दिवाळीनंतरच्या रविवारी कंपनीच्या मॅडम येणार आणि ठरवणार, असं पत्र आलं. सोमवारी सकाळी भट्ट्यांचे टेम्पो येणार होते, ते ठरलेलंच होतं. अध्यक्षांनी कार्यक्रम करायचं ठरवलं: नव्या तांदळाचं जेवण. परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम, असा फलक ठाण्याहून छापून आला.

निमंत्रणाची पोस्ट तन्वीने लिहिली. काकीने ती ऐकली आणि ओटीपी दिला नाही. ती स्वतः सांगू लागली, तन्वीने तसंच टिपून घेतलं: 'नवा भात आलाय. रविवारी शेजारघरात जेवायचं आहे. माणशी नाही, चूलबंद आवतण आहे. घरी चूल पेटवू नका. पोरं, म्हातारी सगळी आणा.' सोबत तेल लावलेल्या पोरांचा फोटो. हेच वार्तापत्रातून गेलं.

ती पोस्ट जी पसरली ती थांबेचना. तन्वी जेवतानाही मोबाइल खाली ठेवत नव्हती. काकी रोज दुपारी फोन करून विचारायची, किती झाले? तन्वी सांगायची, अमुक जणांनी अंगठा दिलाय. म्हणजे होय म्हटलं का? तन्वी एका वेळी चार गोष्टी करत असायची. हो काकी, तसंच. आणि लाल बदाम कशाचा? त्यांना फारच आवडलंय, काकी.

काकीने डब्यातले चिंचोके काढले. अंगठ्याला एक. बदामाला पाच, कारण फारच आवडलंय म्हणजे सगळं घर येणार. एका माणसाने रडका चेहरा टाकला होता. त्याच्या घरी काही वाईट झालंय का ते बघ, असं तिने तन्वीला बजावलं आणि त्याचा चिंचोका बाजूला ठेवला, न जाणो, सुतक असेल. शनिवारी संध्याकाळी तीनशे सदुसष्ट चिंचोके झाले.

हे गणित आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा आवारात लग्नाची पातेली चढलेली होती. सापगावहून तिने चार बाया आणल्या होत्या. भात, वालाचं बिरडं, कोहळ्याची भाजी. साठे चुलीला वारा लागू नये म्हणून पत्रे उभे करत होते. अध्यक्षांनी विचारलं, एवढं कशाला? तीनशे सदुसष्ट पानं आहेत, काकी म्हणाली. अध्यक्षांचा चेहरा उजळला. आपण पोचलो, असं ते मला म्हणाले.

साडेअकरापर्यंत दोन गाड्या आल्या. त्यांतून नऊ जण उतरले. मुलुंडच्या वालाच्या बाई त्यांत होत्या, त्या येताना वाल घेऊन आल्या होत्या. बारा वाजले. काकी फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने तन्वीला बोलावलं. होय म्हणून लोक येत नाहीत का, असं तिने विचारलं. तन्वीने खरं ते सांगितलं. अंगठा म्हणजे पाहिलं, बरं वाटलं, पुढे गेलो. बदामाचंही तेच. सांगताना ती पोरगी रडकुंडीला आली होती.

काकी रागावली नाही. खाली बसली, फक्त. गिरणीच्या जोत्यावर, हात गुडघ्यांवर ठेवून, पातेल्यांकडे बघत. तिच्या आयुष्यात एवढा भात तिने कधी चुकवला नव्हता. एक वाजता मॅडम येणार होत्या आणि त्यांच्या पुढ्यात आमच्याकडे चौदा मुलं, नऊ पाहुणे आणि एक फलक होता. अध्यक्ष अमुक करू, तमुक करू म्हणत होते. गाड्या पाठवू, शहापूरहून कॉलेजची मुलं आणू. काकी उठली, चुलीजवळच्या बाईकडून मूठभर तांदूळ घेतले, त्यांना हळदीचं बोट लावलं आणि मला म्हणाली, चला मास्तर.

गिरणीच्या मागे बांध उतरला की पहिला पाडा दहा मिनिटांवर आहे. गिरणीतून तिथल्या चुलींचा धूर दिसतो. मी शेजारघराचं वार्तापत्र वर्षभर लिहीत होतो आणि त्या पाड्यात पाय ठेवायची माझी ती पहिली वेळ. अंगणांत गोधड्या बांधलेल्या, भांडी गोणपाटात भरलेली, कोंबड्या टोपल्यांखाली. सगळं उद्याच्या टेम्पोसाठी. पहिल्याच घरासमोर एक म्हातारा दोरी वळत बसला होता, काळूबाबा म्हणून. काकी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, त्याचं नाव घेतलं आणि अक्षता पुढे केल्या. आज नव्याचं जेवण आहे, चूलबंद.

म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. "आज? आतच्या आता?" तो म्हणाला. "भात शिजल्यावर आवतण करतस, भागी? तू?"

आजूबाजूच्या दोन घरांतून बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, काकी काहीतरी सबब सांगेल. आमच्याकडे एवढी मोठी सबब तयार होती, फलकासकट.

"चुकलं माझं," काकी म्हणाली. "आदी तुमच्या दारात येवाचं होतं, बाबा. मी मुंबईला जाऊन बसली. तिकडून कोणी आलं नाय."

काळूबाबाने दोरी खाली ठेवली. मग विचारलं, "भाजी कसली हाय?"

"कोहळ्याची. आणि वालाचं बिरडं."

"मग उरलंच आसंल," असं म्हणून त्याने हात पुढे केला.

तिथून तिला कुणी अडवलं नाही. त्या पाड्याची तेवीस घरं, मग ओढ्यापलीकडचा पाडा, मग टेकाडावरचा. प्रत्येक दारात नाव, अक्षता, आणि तेच वाक्य: चुकलं माझं. तिसऱ्या पाड्यावर पोचलो तोवर मी दमून एका ओट्यावर टेकलो होतो. बाया मात्र चेष्टेवर आल्या होत्या. मुंबईवाले आले नाय म्हणून आमची आठवण झाली काय गो काकी? झाली, काकी म्हणायची, भात लई झाला, झाली. चुली पेटलेल्या होत्या त्या विझल्या. माणसं बांधावरून रांगेने गिरणीकडे निघालेली मी टेकाडावरून पाहिली आणि त्या वर्षीचा आमचा सगळा पत्रव्यवहार आठवून मला थोडं हसू आलं.

पंगती बसल्या. साठे भात वाढत होते आणि कुणाला किती हवा ते न विचारता वाढत होते. पण बाया जेवून हात धुतल्यावर लगेच निघाल्या नाहीत. घरात शिरल्या. मुलं निजतात ती खोली पाहिली, कांबळी उलटून पाहिली, पिंपातलं पाणी बघितलं, मोरीत डोकावल्या. मंगलला कुणीतरी पाढे म्हणायला लावले. मग मंगलच्या आईने काकीला गाठलं. बाकीच्या भोवती गोळा झाल्या.

"रातची पोर रडली तर कोण उठतं?"

"मी."

"आणि तुला झोप लागली तर?"

काकीने भाताची टोपली घेऊन चाललेल्या साठ्यांकडे हात केला. "ह्यो उठतो. ह्याला झोपच येत नाय."

साठ्यांनी मान हलवली. तोपर्यंत ते फक्त शुक्रवारी येणारे गृहस्थ होते. त्या दुपारनंतर ते तिथे राहायलाच आले, आणि ते कधी ठरलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही.

मॅडम एकच्या ऐवजी साडेतीनला आल्या. आवारात चौथी पंगत चालू होती. एवढी माणसं त्यांनी आमच्याकडे कधी पाहिली नव्हती. आम्हीही पाहिली नव्हती. त्यांनी तन्वीला विचारलं, हे सगळे सोशल मीडियावरून आलेत? तन्वी तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. ऑरगॅनिक रीच, मॅडम, म्हणजे जाहिरातीला पैसा न देता आपोआप आलेले, असं ते म्हणाले. मॅडमनी ते टिपून घेतलं. मला वाटतं, त्यांच्या मागे कोहळ्याची बी थुंकत बसलेल्या काळूबाबाकडे पाहता ते खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी टेम्पो आले तेव्हा शेजारघराच्या कुंपणाशी एकतीस मुलं उभी होती. बायांनी एकच अट घातली होती: पोर कसं आहे ते कळलं पाहिजे. कुणाकडे फोन होता, कुणाकडे नव्हता. एकेका भट्टीवर मिळून एखादा असायचा. काकीने टेम्पोच्या फळीशी उभं राहून एकेक नंबर घेतला. तन्वीने त्या सगळ्यांचा एक गट करून दिला. यातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं, म्हणून काकी त्यावर बोलून निरोप पाठवू लागली, रोज संध्याकाळी, जेवणं झाली की. तन्वीच्या आलेखात हा गट कधी आला नाही. तन्वीने मला एकदा सांगितलं की त्या गटातला निरोप सगळ्याच्या सगळे ऐकतात, आणि काही जण तीन-तीनदा ऐकतात. असं तिने तिच्या धंद्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगावं तेही तिला कळत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला वार्षिक अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, छत्तीस पानं. डिजिटल संवादाच्या बळावर संस्थेने वंचितांच्या जीवनात पहाट कशी आणली, यावर अध्यक्षांचं मनोगत होतं. कंपनीने घर आणखी तीन वर्षांसाठी चालू ठेवलं होतं. अहवालाची प्रत द्यायला मी शेजारघरात गेलो. दिवस मावळत होता, मुलं हात धुऊन ओसरीवर येत होती. काकी पायरीवर बसली होती, मोबाइल ओठांशी धरून, डोळे मिटून. मी अहवाल पुढे केला तशी तिने हातानेच मला गप्प राहायला सांगितलं. मुलं तिच्याभोवती येऊन बसली. पंधरा-वीस कोसांवरच्या कुठल्या कुठल्या भट्ट्यांवर, दिवसभराच्या मातीचे हात पुसून, एकतीस आया त्या क्षणाची वाट पाहत बसल्या असतील, असं माझ्या मनात आलं.

"भात, वरण, कोबी," काकी म्हणाली. "सोन्याला जुलाब होते, ते थांबले. पारूच्या डोक्यात उवा झाल्या, म्हणून सगळ्यांची डोकी धुतली. बाकी बरं हाय."